बानूबाईचा डावा डोळा

वाडीच्या शाळेत बानूबाईनं अकरा वर्षं खिचडी शिजवली, पण एकाही पोराला जेवताना बघितलं नाही. बघू दिलंच नव्हतं. तांदूळ निवडणं, डाळ धुणं, चूल फुंकणं, डेग घासणं, सगळं तिचं. खिचडी तयार झाली की मदतनीस सिताबाई यायची, डेग व्हरांड्यात न्यायची आणि वाढायची. त्या वेळी बानूबाईनं स्वयंपाकखोलीचं दार आतून ओढून घ्यायचं आणि पोरांची ताटं नळाखाली वाजायला लागली की उघडायचं, असा रिवाज होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण शाळेच्या घंटेपेक्षा नेमानं पाळला जायचा.

कारण तिचा डावा डोळा. चार वर्षांची असताना तिला गोवर आला आणि जाताना डोळ्यात फूल ठेवून गेला. बुबुळावर सायीच्या थेंबाएवढा पांढरा ठिपका. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, बाकी काही नाही. पण लोकांच्या मते सगळं तोच डोळा करायचा. तिनं बघितलं की म्हैस आटते, तिनं बघितलं की लेकरू किरकिर करतं, तिनं बघितलं की वेलीवरचा दोडका वाकडा होतो. येडशीहून आत, रामलिंगच्या रानाला लागून असलेल्या त्या वाडीत एवढं कुणाला समजावून सांगावं लागत नसे. बाया तिला बघून लेकराच्या तोंडावरून पदर ओढायच्या. वर तिच्याशी गोडही बोलायच्या, "बानूबाई, बसा की." आणि बसल्यावर लेकरू आतल्या खोलीत जायचं.

राहायची ती भावाकडं. धाकटा भाऊ मल्हार मेंढरं राखायचा. भावजय कडूबाई वाईट नव्हती, पण मेंढ्या विणीला आल्या की म्हणायची, "आक्का, तेवढं आठ दिस वाड्याकडं येऊ नका. तुमचं काय न्हाय, पर मेंढरंच भित्यात." बानूबाई जायची नाही. तिला राग यायचा असंही नाही, कारण तिचाही त्यावर विश्वास होता.

हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं कधी सांगितलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, भूमच्या पुढं घाटाखालच्या गावात. नवरा बब्रुवान. दोन वर्षांनी मुलगी झाली, नाव ठेवलं अयोध्या. रंगानं उजळ, डोक्यावर एवढं जावळ. सासू म्हाळसाबाई पहिल्या दिवसापासून सांगायची, "पाजताना पोरीच्या तोंडाकडं टक लावू नको, भिताडाकडं बघत जा." पहिले काही दिवस बानूबाईनं भिंतीकडं बघितलं. पण पोरगी दूध पिता पिता थांबायची, स्तन तोंडातून सोडायची आणि आईकडं बघून हसायची. मग कोण भिंतीकडं बघणार? ती बघायची. पोटभर बघायची. सव्वातीन महिन्यांची होऊन पोरगी गेली. पोट बिघडलं, दोन दिवसांत सुकून काटकी झाली. मीठमिरच्या उतरवून झाल्या, देवऋषी येऊन गेला. तिसऱ्या दिवशी उजाडताना सगळं संपलं, तेव्हा भरल्या अंगणात म्हाळसाबाई म्हणाली, "आईचीच दीठ लागली. सांगत व्हते म्या."

महिन्याभरानं तिला माहेरी धाडलं, डोळा दाखवून ये म्हणून. न्यायला कुणीच आलं नाही. बब्रुवाननं दुसरी केली.

तेव्हापासून बानूबाई पदर डावीकडून पुढं ओढून चालायची. रस्त्यात लेकरू आडवं आलं की मान आपोआप जमिनीकडं जायची. आपल्या डोळ्यानं आपलं लेकरू खाल्लं, हे तिनं तीस वर्षं रोजच्या भाकरीबरोबर गिळलं होतं.

गेल्याच्या गेल्या साली शाळेवर कुलदीप सर आले. तुळजापूरकडचे, तिशीच्या आतले, नव्या भरतीतले. येडशीत भाड्यानं खोली घेऊन राहायचे आणि गाडीवरून यायचे. विज्ञान शिकवायचे. आधीच्या गुरुजींसारखं धडा वाचून दाखवणं नाही. टेबलावर चढायचे, हातवारे करायचे, पोरांना हसवायचे. आठवीचा वर्ग स्वयंपाकखोलीला लागूनच होता. मधल्या भिंतीला वर जाळीची खिडकी होती, त्यामुळं सरांचा शब्द न् शब्द चुलीपाशी ऐकू यायचा.

एके दिवशी फोडणी देऊन ती उलथनं फिरवत होती. पलीकडून सर म्हणाले, "आपल्याला दिसतं कसं? सोपा प्रश्न वाटतो ना? यावर माणसं हजार-दीड हजार वर्षं भांडली. जुन्या काळी ग्रीस देशात मोठमोठे विद्वान होते. त्यातले काही म्हणायचे, डोळ्यातून किरण बाहेर पडतात. आंधळा माणूस काठीनं चाचपतो तसे ते किरण जाऊन वस्तूला चाचपतात आणि मग आपल्याला ती दिसते."

यात बानूबाईला नवीन काही वाटलं नाही. डोळ्यातून काहीतरी निघतं आणि दुसऱ्याला जाऊन लागतं, हे तिला विद्वानांनी सांगायची गरज नव्हती.

"दुसरे म्हणायचे, वस्तूच्या अंगावरून सारखे पापुद्रे सुटत असतात, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ, आणि ते उडत येऊन डोळ्यात शिरतात." पोरं हसली. "हसू नका. फार हुशार माणसं होती ती. मग हजार वर्षांमागं बसरा शहरात एक माणूस जन्मला. इब्न अल-हैथम. त्यानं विचारलं, डोळ्यातून किरण निघत असतील तर सूर्याकडं बघितल्यावर डोळा का दुखतो? बाहेर जाणाऱ्या गोष्टीनं डोळा कसा दुखेल? म्हणजे काहीतरी आत येतंय. उजेड सूर्याचा असतो, दिव्याचा असतो. तो वस्तूवर पडतो, तिथून सरळ रेषेत चहूकडं जातो, आणि त्यातला जेवढा आपल्या डोळ्यात शिरेल तेवढंच आपल्याला दिसतं. डोळ्यातून बाहेर काही जात नाही. काहीसुद्धा नाही."

त्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा खिचडी बुडाला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती व्हरांड्याच्या पायरीशी उभी राहिली. सर गाडीला किल्ली लावत होते.

"सर, एक इचारायचं व्हतं."

"बोला ना मावशी."

"काल पोरांला सांगितलं ते खरं हाय का पुस्तकातलं हाय?"

सर हसले. "दोन्ही आहे. का हो?"

"डोळ्यातून काय बी भाहेर जात न्हाय?"

"नाही."

"वंगाळ डोळ्यातून बी?"

आता सरांनी किल्ली काढली. वाडीत येऊन त्यांना वर्ष झालं होतं, दार ओढून घेण्याचा रिवाज त्यांनीही बघितला होता. खालच्या आवाजात ते म्हणाले, "मावशी, कुणाच्याच डोळ्यातून नाही."

ती मान हलवून घरी गेली. मल्हार अंगणात बसून लोकर कातरत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, नाव सांगताना मात्र तिची जीभ अडखळली आणि ती "हैतमबाबा" म्हणाली. धाराशिवच्या दर्ग्यातल्या बाबांसारखा हाही कुणी असेल, असं तिच्या मनानं धरलं होतं. मल्हारनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, तू रानात कवा बसली न्हायीस. लांडगा समोर आला की त्याचं डोळं पेटत्यात. हिरवं जाळ. आतून उजेड निघत न्हाय तर ते काय अंगार असतंय व्हय?"

तिनं सरांना विचारलं, तर सरांना हसू आलं आणि कौतुकही वाटलं. "तुमच्या भावानं बरोबर तीच शंका काढली जी त्या जुन्या लोकांनी काढली होती. मांजराचे डोळे अंधारात चमकतात, म्हणजे त्यात आग आहे, असं ते म्हणायचे. आता तुम्हीच खरं-खोटं करून बघा ना."

"म्या?"

"विज्ञानात तसंच असतं. दुसऱ्याच्या सांगण्यावर जायचं नाही."

शाळेत तांदळाची पोती ठेवायची एक कोठी होती. एक दार, पत्र्याची एक झडप. एका रविवारी भर दुपारी बानूबाई मल्हारचं कुत्रं घेऊन तिथं गेली. झडपेच्या फटीत रिकामी बारदानं कोंबली, दाराखाली पोतं लावलं. डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये असा अंधार झाला. कुत्रं समोर होतं, त्याचा श्वास ऐकू येत होता. ती बघत बसली. बराच वेळ बसली. हिरवं नाही, लाल नाही, काहीच नाही. मग तिनं कपाळाजवळ धरून बॅटरी लावली. भकदिशी दोन हिरवे जाळ पेटले. बॅटरी बंद, जाळ बंद. पुन्हा लावली, पुन्हा पेटले. असं तिनं वीसेक वेळा केलं, कुत्रं कंटाळून दाराकडं जाईपर्यंत. उजेड आपणच द्यायचा आणि तोच डोळ्याच्या तळाला आपटून माघारी यायचा. लांडग्याजवळ स्वतःचं काहीच नव्हतं.

त्या अंधारात पोत्याला टेकून ती रडली नाही. ती हिशोब लावत होती. पोरगी हसायची, मी बघायचे. माझ्याकडून तिच्याकडं काही गेलं नाही. तिच्याकडूनच माझ्याकडं येत होतं. जे काही होतं ते तिच्याकडूनच येत होतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी आठवीच्या पोरांना त्याच कोठीत नेलं. पत्र्याच्या झडपेला खिळ्यानं बारीक छिद्र पाडलं आणि मावशींनाही बोलावलं. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर बाहेरचं अख्खं अंगण उतरलं होतं, पण उलटं. लिंबाचं झाड शेंड्यावर उभं, झेंड्याचा खांब वरून खाली लोंबणारा. हंडा घेतलेली सिताबाई पाय वर करून भिंतीवरून चालत गेली तशी पोरं खिदळली.

"उलटं का?" तिनंच विचारलं, पोरांच्या आधी.

सरांनी दोन छड्या फुलीसारख्या धरून दाखवल्या. वरून निघालेला उजेड सरळ येतो, छिद्रातून जाऊन खाली पडतो. खालचा वर जातो. "आणि आपला डोळासुद्धा अशीच एक अंधारी कोठी आहे, मावशी. उजेड म्हणजे बारीक कणांचा मारा का पाण्यासारख्या लाटा, यावर नंतर फार मोठी भांडणं झाली, ते सांगेन कधीतरी."

"कण असूंद्या न्हाय तर लाटा," ती म्हणाली. "येतंय का जातंय, तेवढंच मला पायजे व्हतं."

त्याच दिवसांत सरांना मुलगा झाल्याचे पेढे वाटले गेले. बायको वैष्णवी बाळंतपणाला माहेरी होती. सरांनी फोनवर सगळ्यांना फोटो दाखवला. बानूबाईनं मान पुढं केली तेव्हा फोन थोडा तिरपा झाला, तिला नीट दिसलं नाही. काचेवर उजेड पडला असंल, असं ती समजली.

आणि मग अडीच-तीन महिन्यांनी एका सोमवारी तिनं दार ओढलं नाही. खिचडी झाली तशी डेगीची एक कडी स्वतः धरून ती सिताबाईबरोबर व्हरांड्यात आली. पदर मागं टाकलेला, केस विंचरलेले. पळी हातात घेऊन पहिलीच्या पोरांपासून वाढायला लागली. काही पोरांनी शिकवल्याप्रमाणं ताटावर हात झाकला. "हात काढ बाळा, पोळंल," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, पोरं जेवताना बघायला फार काहीतरी असेल. तसं काही नव्हतं. ती भात सांडत होती, एकमेकांच्या ताटातली मटकी उचलत होती, नाक पुसत होती. ती मात्र भिंतीला टेकून शेवटचं पोर उठेपर्यंत बघत राहिली.

तीन दिवस असं चाललं. सरांनी बघितलं, अंगठा वर करून दाखवला. चौथ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष भागवत यांची नात घरी जाऊन ओकली. त्यांच्या घरी आदल्या दिवशीचं श्रीखंड होतं, हे सगळ्या आळीला माहीत होतं. पण शुक्रवारी बैठक बोलावली गेली.

बैठक व्हरांड्यातच झाली. पंधरा-वीस गडीमाणसं, सात-आठ बाया. मल्हार कुंपणापाशी उभा राहिला, आत आला नाही. मुख्याध्यापक रजेवर होते, म्हणून शाळेच्या वतीनं कुलदीप सरच खुर्चीवर बसले. भागवत शांतपणे बोलले. "बानूबाईशी आमचं वैर न्हाय. अकरा वर्षं तिच्या हातचं पोरांनी खाल्लंय. रिवाज व्हता तो चांगला व्हता. आता कुणी मोडायला लावला तेवढं कळू द्या."

"कुणी न्हाय लावला," बानूबाई उभी राहिली. इतक्या माणसांत ती कधी बोलली नव्हती. "म्या मोडला. डोळ्यातून भाहेर काय जात न्हाय. उजेड भाहेरून आत येतो. लांडग्याच्या डोळ्यात बी आग नसती, म्या कुत्रं कोंडून बघितलंय. तुमी बी बघा. खोटं वाटत आसंल तर सरास्नी इचारा. त्यान्लाच ठाव हाय सगळं."

कुणीतरी हसलं. मग सगळे सरांकडं बघायला लागले.

सर उठले. "विज्ञान असं सांगतं की..." त्यांनी सुरुवात बरी केली. दोन वाक्यं किरणांवर बोलले, सरळ रेषेवर बोलले. भागवतांनी हात वर केला.

"सर, पुस्तक राहू द्या. तुमचं लेकरू आता किती म्हयन्यांचं?"

"तीन."

"येडशीला आणलंय म्हणं वहिनीनी."

"हो, परवाच."

"मग उंद्या त्याला हितं आणा आन् बानूबाईच्या मांडीवर द्या. समद्यांदेखत. आमी परत एक शबुद बोलणार न्हाय. ती वाढंल, आमची पोरं खातील."

भागवतांनी हे डिवचून म्हटलं नव्हतं. मनापासूनच म्हणाले आणि थांबले. बानूबाई सरांकडं बघत होती. तिला हे भांडण मिटल्यासारखंच वाटलं. एवढंच तर करायचं होतं. तिच्या मनात लगेच आलंसुद्धा, उद्या धुतलेलं लुगडं नेसायचं, लेकरू लहान आहे, मान सांभाळून धरावी लागेल.

सरांनी खिशातला पेन काढून परत खिशात ठेवला. मग जमिनीकडं बघून म्हणाले, "हा माझ्या घरचा प्रश्न आहे... म्हणजे वैष्णवीच्या घरचे लोक जुन्या वळणाचे आहेत. त्यांना दुखवून... आणि शाळेत लोकांच्या भावनांचाही विचार करावा लागतो. मला वाटतं, मावशींनी सध्या पहिल्यासारखंच करावं."

"झालं तर," भागवत म्हणाले आणि उठले. बायांनी पदर झटकले. पाच मिनिटांत व्हरांडा रिकामा झाला.

बानूबाई सरांपाशी गेली. "सर, एकच सांगा. तुमाला खरंच वाटतंय का, की माज्या डोळ्यातून काय जाईल?"

"नाही हो मावशी. अजिबात नाही."

"मग?"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि पायरी उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. येडशीच्या फाट्यावर उभी राहून तिनं बार्शीची एसटी पकडली आणि बार्शीहून भूमची. तीस वर्षांत त्या वाटेला ती गेली नव्हती. काय करायचं ते तिनं ठरवलं होतं. वाडीनं ऐकलं नाही तर नाही ऐकलं, पण जिनं पहिल्यांदा भरल्या अंगणात तो शब्द उच्चारला, तिला सांगून यायचं. म्हातारी जिवंत आहे, एवढं तिला ठाऊक होतं.

घर आता सिमेंटचं झालं होतं. बब्रुवान रानात होता, सवत आणि तिची पोरंही. ओसरीत बाजेवर म्हाळसाबाई एकटीच बसली होती, पाठ वाकलेली, दात गेलेले, पण नजर चांगली. तिनं लगेच ओळखलं.

"बानू न्हवं का तू? बस."

बानूबाई उभीच राहिली. वाटेत जुळवलेलं सगळं तिनं एका दमात सांगितलं. डोळ्यातून काही जात नाही. पूर्वीच्या लोकांना तसं वाटायचं, पण ते चूक होतं. हैतमबाबानं हजार वर्षांमागंच दाखवून दिलं होतं. "तुमी चुकला व्हता, आत्याबाई. माज्या डोळ्यानं अयोध्या गेली न्हाय."

म्हातारी ऐकत होती. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ते मला ठाव हाय की."

"काय ठाव हाय?"

"पोरीला हगवण लागली व्हती. भूमला सरकारी दवाखाना व्हता, गाडी जुपली आसती तर दोन घंट्यात पोचली आसती. म्या बब्रुवानला म्हणलं बी. त्यो म्हणला, पोरगीच हाय, बगू सकाळच्याला. बैलं पेरणीला लागली व्हती." तिनं बाजेवरची वाकळ सारखी केली. "मग पोर गेली. गावात लोकं इचारणार, दवाखान्यात का न्हेली न्हाय. तुजा भाऊ, तुजा बाप येणार. काय सांगायचं त्यान्ला? तुजा डोळा व्हताच."

हे सांगताना तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. जुन्या काळातली एखादी अडचण सांगावी तसं तिनं सांगितलं. वर म्हणाली, "चा टाकू का?"

बानूबाईला वाटलं होतं, आपण गाठ सोडवायला आलो आहोत. माणसं चुकीचं समजतात, त्यांना बरोबर सांगितलं की झालं. त्या जुन्या विद्वानांसारखी. त्यांना खरंच तसं वाटायचं, म्हणून कुणीतरी पुढं येऊन त्यांची चूक काढू शकला. इथं चूक कुठं होती? इथं सगळ्यांना सगळं माहीत होतं. भुलली होती ती एकटीच. तीस वर्षं तिनं एकटीनं ते खरं मानलं होतं.

"चा नगं," ती म्हणाली आणि वळली. मागून म्हातारी काहीतरी म्हणत होती. तिनं ऐकलं नाही.

चार दिवसांनी कुलदीप सर घरी आले, बरोबर केळी घेऊन. कडूबाईनं त्यांना खुर्ची दिली. "मावशी, मला त्या दिवशी बोलता आलं नाही. नवी नोकरी आहे, घरात लहान लेकरू... पण तुम्ही परत या. वाढायचं नाही तेवढंच."

"लेकरू कसं हाय?" तिनं विचारलं.

"बरं आहे."

"त्याला बघाया म्या येणार न्हाय, भिऊ नगा." मग ती म्हणाली, "सर, भागवतास्नी कळत न्हाय म्हणून त्यो तसा वागतो. तुमाला कळतंय. तुमी समद्यात वाईट."

सर केळी ठेवून गेले. मल्हार म्हणाला, "आक्का, एवढं बोलायला नगं व्हतं." तिनं केळी मेंढरांना घातली.

महिन्याभरात तिनं वाडी सोडली. नळदुर्गला हैदराबादच्या रस्त्यावर राजशेखर नावाच्या माणसाचा ढाबा आहे, तिथं भाकरी करणारी बाई पाहिजे असं तिला कुणीतरी सांगितलं. राजशेखरनं तिच्याकडं बघून विचारलं, "डोळ्याला काय झालं?"

"गोवर."

"हं. ज्वारीची येती का बाजरीची बी?"

"दोनी."

एवढ्यावर तिला ठेवून घेतलं. चूल अगदी दर्शनी भागात. ट्रकवाले समोर बाजेवर बसून जेवतात, कुणी पंजाबी, कुणी कन्नड बोलणारा. तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही आणि तिनं बघितलेलं कुणी मनावर घेत नाही. भाकरी फुगली की ती एखाद्याच्या ताटात टाकते, तो "और एक" म्हणतो. हे सुख आहे का, तर नाही. तुळजापूरहून दर्शन करून परतणारी एखादी गाडी थांबते, बायका-पोरं उतरतात, एखादं लेकरू चुलीपाशी येऊन जाळाकडं बघत उभं राहतं. आता तिला पक्कं ठाऊक आहे, काही जात नाही. तरी मान खाली जाते. मान शाळेत गेली नव्हती.

दिवाळीनंतर सिताबाईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. शाळेत नवी बाई ठेवली, तिच्या खिचडीला चव नाही, मल्हारच्या दोन मेंढ्या लांडग्यानं नेल्या. मग सिताबाई म्हणाली, "आन् ते उजेडाचं सर आता शिकवत न्हाईत गं. यंदा त्यो धडा आला, म्या पलीकडंच व्हते. आरसा, किरण, कोन, एवढंच सांगितलं. एका पोरीनं इचारलं, 'सर, त्या कोठीत कवा न्हेणार?' तर म्हणले, ते परीक्षेला येत न्हाय."

"बरं," बानूबाई म्हणाली.

"काय बरं?"

"गिऱ्हाईक आलंय. ठेवते." तिनं फोन बाजूला ठेवला, परातीत पीठ ओढलं आणि त्यावर गरम पाणी ओतलं.